ताकाराझुकाचे गोदाम

जपानच्या ह्योगो प्रांतातील ताकाराझुका हे नगर तेथील केवळ स्त्रियांच्या संगीत-नाट्यसंस्थेमुळे आणि चित्रकथाकार ओसामु तेझुका यांचे बालपण तेथे गेल्यामुळे विख्यात आहे. परंतु संगणकशास्त्राच्या अभ्यासकाने त्या नगराचे नाव आदराने घ्यावे याला आणखीही एक सबळ कारण आहे, आणि ते म्हणजे हिरोयुकी इमाबायाशी यांची थिंकिंग रॅबिट ही तेथील छोटीशी कंपनी. खुनाचा छडा खेळणाऱ्यानेच लावावा असे रहस्यप्रधान खेळही या कंपनीने काढले. तिची खरी कीर्ती मात्र इमाबायाशी यांना १९८१ साली सुचलेल्या आणि डिसेंबर १९८२ मध्ये एनईसीच्या पीसी-८८०१ या घरगुती संगणकासाठी विक्रीस आलेल्या ‘सोकोबान’ या एका खेळावर उभी आहे.

या खेळात शत्रू नाही, शस्त्र नाही आणि घड्याळाचा धाकही नाही. वरून पाहिलेले एक गोदाम, त्यात काही पेट्या, जमिनीवर तितक्याच खुणा आणि एक हमाल, एवढाच सारा सरंजाम. सगळ्या पेट्या खुणांवर नेऊन ठेवायच्या, की काम फत्ते. हमालाला पेटी ढकलण्याची मुभा आहे, ओढण्याची नाही, आणि तीही एका वेळी एकच. रुबिकच्या घनाचा कोणताही फेरा उलट फिरवून पूर्वस्थिती आणता येते. येथे मात्र कोपऱ्यात गेलेली पेटी कायमची गेली. भिंतीला टेकलेल्या दोन पेट्या शेजारीशेजारी आल्या, की त्यांची अवस्था पाहावी: मागे भिंत असल्याने त्यांना पुढे ढकलण्यास हमालाला उभे राहायला जागा नाही, आणि बाजूला ढकलावे तर एक दुसरीला अडवते, दोन्ही जागच्या जागी खिळल्या. खेळ तरीही चालूच राहतो, आणि शेकडो पावले चालून झाल्यावर खेळणाऱ्याच्या ध्यानी येते, की आपण केव्हाचेच हरलो होतो. परतीची वाट नसलेल्या निर्णयांचे इतके स्वच्छ प्रतिरूप दुसऱ्या कोणत्याही खेळात माझ्या पाहण्यात नाही.

शास्त्रज्ञांना हा खेळ मोलाचा वाटला तो नेमका याच गुणामुळे. कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठाचे जोसेफ कल्बर्सन यांनी १९९७ साली पेट्या आणि बोळ यांच्याच रचनेतून मर्यादित फितीचे ट्युरिंग यंत्र, म्हणजे संगणकाचे सैद्धांतिक प्रतिरूप, उभे करून सोकोबान हा ‘पीस्पेस-पूर्ण’ असल्याचे सिद्ध केले. काळ कितीही लागो, पण स्मृती मात्र माफक लागते, अशा प्रश्नांचा जो विस्तीर्ण वर्ग आहे, त्यातील कोणताही प्रश्न सोकोबानच्या एखाद्या गोदामात रूपांतरित करता येतो. म्हणजेच सर्व गोदामे झटपट सोडवणारी एखादी रीत जर कोणाला गवसली, तर त्या अख्ख्या वर्गाचीच किल्ली त्याच्या हाती येईल. तशी रीत अस्तित्वात नसावी, असाच बहुतेक तज्ज्ञांचा कयास आहे.

त्याच विद्यापीठातील आंद्रेआस युंगहान्स आणि जोनाथन शेफर यांच्या अंदाजानुसार २० बाय २० घरांच्या गोदामात संभवणाऱ्या स्थितींची संख्या एकावर ९८ शून्ये इतकी प्रचंड भरते. त्यांनी रचलेल्या ‘रोलिंग स्टोन’ या आज्ञावलीला ९० प्रमाणभूत कोड्यांपैकी कित्येक कोडी दाद देईनात. मनुष्याने चिकाटीने सोडवलेली कोडी यंत्राला अजिंक्य ठरत होती. ती सर्वच्या सर्व ९० कोडी सोडवणारी ‘फेस्टिव्हल’ ही आज्ञावली यारोन शोहम आणि शेफर यांनी २०२० साली मांडली, म्हणजे खेळ बाजारात आल्यानंतर तब्बल ३८ वर्षांनी! मधल्या काळात, २०१७ साली, डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीतील संशोधकांनीही, कृती करण्यापूर्वी तिच्या परिणामांची कल्पना करणारी बुद्धी यंत्रात आणता येते काय, हे पारखण्यासाठी हेच गोदाम निवडले.

इतके असूनही इमाबायाशी यांचे नाव फारच थोड्यांना ठाऊक असते, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. सोकोबानच्या नकला जवळजवळ प्रत्येक जातीच्या संगणकावर निघाल्या, आणि त्या गर्दीत मूळ कर्ता मागे पडला. हा खेळ आजही मोबाइलवर सहज मिळतो. वाचकांनी त्यातील एखादे छोटे गोदाम घरातील मुलांसमवेत अवश्य सोडवून पाहावे, आणि हा खेळ ताकाराझुकाच्या हिरोयुकी इमाबायाशी यांनी रचला, हेही मुलांना आवर्जून सांगावे.