सोमवारी बघू

चावी फिरते. खालून 'कट्' असा एकच आवाज येतो आणि पुढे काही नाही. ड्रायव्हर पुन्हा फिरवतो. पुन्हा कट्. मग तो चावीचा नाद सोडतो, स्टिअरिंगवर तळवा आपटतो आणि मागच्या जाळीतून डोकावतो. जाळीपलीकडे घोडी कान टवकारून उभी आहे. मारवाडी कान ते. टोकं आत वळलेली, टवकारले की एकमेकांना जाऊन टेकतात.

सारंगखेड्याहून निघालेली ही गाडी फलटणला जायची आहे. दत्तजयंतीची यात्रा, तापीकाठी भरलेला घोड्यांचा बाजार, तिथे अण्णांनी घेतलेली ही पंचकल्याणी आणि तिचं वर्षाचं शिंगरू. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, बाकी अंग काळंभोर. दोंडाईचा मागे पडलंय, चिमठाणं अजून यायचंय. गाडी थांबवली ती फक्त जनावरांना पाणी दाखवायला. पाणी पाजून झालं, बादली अडकवली, फाळक्याच्या कड्या लागल्या, आणि आयशर अडून बसली.

नशीब एवढंच की रस्त्यापलीकडे गॅरेज आहे. पत्र्याची शेड, पुढे वंगणाने काळी पडलेली जमीन, बाजूला गाड्या धुवायचा सिमेंटचा रॅम्प. अण्णा टोपी सारखी करत तिकडे निघतात. त्यांच्या चालीत अजून बाजाराचा रुबाब आहे. मनासारखी घोडी मिळाली की माणूस दोन दिवस तरी असाच चालतो.

शेठ खुर्चीत बसून मोबाइल बघतायत.

"राम राम शेठ. गाडी जरा बघता का? सेल्फ मारत नाहीये."

"पोरं जेवायला गेलीत."

"किती वेळ लागेल?"

"जेवणाला किती लागतो?"

अर्ध्या तासाने एक मिस्त्री येतो. हातात पाना आणि हातोडी. तो गाडीखाली सरकतो, सेल्फवर हातोडीने दोन-चार ठोके देतो, वरून ड्रायव्हर चावी मारतो. कट्. आणखी ठोके. कट्. मिस्त्री बाहेर येऊन हात पुसतो. "सेल्फ गेला. नवा टाकावा लागेल."

"आहे का तुमच्याकडे?"

उत्तर पलीकडून, खुर्चीतूनच येतं. "धुळ्याहून मागवावा लागेल. आज शनिवार. उद्या मार्केट बंद. सोमवारी बघू. व्हिजिटचे तीनशे झाले."

टेस्टरचा दिवा त्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला मला इथून दिसतोय. तो कुणी हातात घेतलेला नाही. ठोकण्यात गैर काही नाही म्हणा. सेल्फमधले कार्बन झिजले, अडकले, की ठोक्याने सुटतात आणि गाडी घरापर्यंत जाते, हे प्रत्येक ट्रकवाल्याला ठाऊक आहे. पण ठोकून सुटलं नाही म्हणजे सेल्फच गेला, हे कुठलं शास्त्र?

एरवी असल्या गाडीचं काय! चार माणसं लावायची, दुसरा गिअर टाकायचा, वेग आला की क्लच सोडायचा. अण्णा मात्र तो विषय निघताच हात आडवा करतात. क्लच सोडताना जो हिसका बसतो तो मागे उभ्या असलेल्या जनावराच्या पायांत जातो. घोडा चालत्या गाडीत स्वस्थ उभा दिसतो, पण पूर्ण प्रवासभर तो तोल सांभाळत असतो. वळणाला एका अंगाने, ब्रेकला दुसऱ्या अंगाने रेटा देत. अशात अचानक हिसका बसला की पुढचे गुडघे फळीवर. आणि फुटलेल्या गुडघ्याची घोडी म्हणजे सगळा बाजार पाण्यात. टोचन करून न्यायचं म्हटलं तरी तेच, दोर ताणला-सैल पडला की हिसका.

मग आधी जनावरं उतरवू आणि धक्का देऊ, असं ड्रायव्हर म्हणतो. पण उतरवायचं कुठे? घोडी पाच फुटांवरून उडी मारत नाही, मारली तर पाय मोडून घेईल. तिला बांध हवा, ओटा हवा, जिथे गाडीचा मागचा भाग टेकवता येतो. गाडी बांधाला टेकवायची तर ती चालू हवी. समोर तो सिमेंटचा रॅम्प आहे, उंची अगदी हवी तेवढी. हळूहळू ढकलत तिथवर नेता येईल.

अण्णा पुन्हा रस्ता ओलांडतात. या वेळी चालीतला रुबाब थोडा उतरलाय.

"शेठ, रॅम्पवर जनावरं उतरवून घेतो तासाभरासाठी."

"जनावराची गाडी आत नको. शेण-मूत कोण काढणार?"

"आमचा माणूस काढील. धुऊन देतो."

"नको म्हटलं ना. गिऱ्हाईक येतं इथं."

गिऱ्हाईक एकही आलेलं नाही, पण ते कोण बोलणार.

मागे मोतद्दार मामा फळीवर चढलेत. साठीचं वय, काटक अंग, तोंडाने सतत च्-च् चाललेलं. त्यांनी घोडीची मोहरी सैल केलीय, जेणेकरून तिला मान खाली घालता यावी. मान फार वेळ वर बांधून ठेवली तर श्वासनळीतला कफ बाहेर पडत नाही आणि दुसऱ्या दिवशी ताप चढतो, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. गाडी नीट बांधलेली आहे. दोन जनावरांच्या मध्ये जाड बांबू, खाली रेतीवर उसाचं पाचट, तोंडं डाव्या अंगाला. 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांत हेच लिहिलंय, घोड्याचं तोंड डावीकडे, शेजारून जाणाऱ्या वाहनांपासून दूर. उजवीकडून एसटी हॉर्न मारत जाते, शिंगरू मागच्या पायांवर बसल्यासारखं होतं, पण तोंड तिकडे नसल्यामुळे सावरतं.

मामा घोडीच्या कुशीला कान लावतात. एका बाजूला, मग बांबूखालून वाकून दुसऱ्या बाजूला.

"काय ऐकताय?"

"आतडी बोलतात का बघतोय." ते बोट उचलून मला गप्प राहायला सांगतात. "बोलतायत. पण सकाळपेक्षा कमी."

मग ते तिचा वरचा ओठ उलटा करतात आणि हिरडीवर अंगठा दाबतात. दाबलेली जागा पांढरी होते. अंगठा काढतात. दोन सेकंदांत ती पुन्हा गुलाबी. मामा मान डोलावतात. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं वाईट मागे फिरत नाही. पाणी कमी पडलं, उभं राहून आतडं सुस्तावलं की पोटशूळ, आणि पोटशुळाने रात्रीत घोडं जातं. शेठचं घड्याळ सोमवारवर लागलंय. मामा तासातासाने लीद मोजतायत. शेवटची लीद पडली ती दोंडाईच्यात.

अण्णा तीन-चार ठिकाणी फोन लावतात. एक गॅरेजवाला म्हणतो आधी गाडी आणा. एक म्हणतो आयशरचं काम करत नाही. एक फोनच उचलत नाही.

ऊन कलायला लागतं तेव्हा कापसाने भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर डुलत येतो आणि पुढे जाऊन थांबतो. ड्रायव्हर पन्नाशीचा, डोक्याला उपरणं.

"काय व्हयनं, भो?"

आमचा ड्रायव्हर सांगतो. सेल्फ गेला म्हणतात.

"कोन म्हने?"

शेडकडे बोट जाते. ट्रॅक्टरवाला त्या दिशेला बघतो, काही बोलत नाही, नुसता खोकतो. मग आयशरच्या केबिनमध्ये चढून सीटमधलं झाकण उघडतो. "लाइट लाव. मोठा." हेडलाइट लागतात. "आते चावी मार." कट्. तो समोर उभ्या असलेल्या मला विचारतो, "लाइट पडना का?"

नाही. तसाच लख्ख आहे.

"मंग बॅटरी चांगली शे. करंट सेल्फले भेटतच नही." तो पुन्हा चावी मारायला लावतो आणि इंजिनावरून हात फिरवत जातो, जसा मामांनी घोडीवरून फिरवला. एका जागी हात चटकन मागे येतो. तो हसतो आणि माझं मनगट धरून तिथे टेकवतो. ॲक्सिलरेटरची केबल आहे. चहाच्या पेल्यासारखी गरम.

आता हे मला कळायला थोडा वेळ लागतो. सेल्फला करंट लाल वायरने जातो खरा, पण परत येतो तो इंजिनाच्या अंगातून, तिथून तांब्याच्या विणलेल्या पट्टीने चासीत आणि चासीतून बॅटरीच्या काळ्या टोकाला. ती पट्टी गेली की शेकडो अँपिअरला परतीची वाट उरत नाही. मग तो मिळेल त्या फटीतून घुसतो. इथे ॲक्सिलरेटरच्या तारेतून घुसतोय, म्हणून ती तापलीय. दिव्यांची वाट वेगळी, चासीवरूनच; म्हणून दिव्यांना काहीच झालेलं नाही.

ट्रॅक्टरवाला खाली झोपतो. मीही वाकतो. चासीच्या ज्या टोकाला पट्टी बोल्टने आवळलेली होती तिथे आता हिरवट-पांढरी भुकटी आहे आणि दोन-तीन तांब्याचे धागे लोंबतायत. बरोबर वर फळ्यांची फट. फटीतून आत्ता, आमच्या डोळ्यांदेखत, एक थेंब पडतो. घोडीचं मूत. आधीच्या मालकाने या गाडीतून वर्षानुवर्षं घोडे नेले, आणि वर्षानुवर्षं तांबं खात खात ते इथवर पोचलंय.

"याले सेल्फ बदलीसन काय व्हतं?" ट्रॅक्टरवाला खालूनच म्हणतो.

तो आपल्या पेटीतून वेल्डिंगच्या केबलचा हातभर तुकडा काढतो. दोन्ही टोकांची रबरी साल सुरीने सोलतो, तांबं पिळून गोल करतो. चासीचा बोल्ट पान्याला दाद देत नाही, तेव्हा तो दुसरी जागा निवडतो, तिथला रंग आणि गंज कानशीने घासून लोखंड चकचकीत करतो. हे घासणं तो घाईने करत नाही. आमचा ड्रायव्हर दोनदा "झालं असेल" म्हणतो, तो दोनदा मान हलवतो. एक टोक तिथे, दुसरं गिअरबॉक्सच्या बोल्टखाली. आवळतो.

"मार."

इंजिन अर्ध्या फेऱ्यातच धरतं. काळा धूर, मग घरघर, मग फाळक्याच्या कड्या थरथरायला लागतात. शिंगरू दचकून फळीवर लाथ घालतं. मामा वरून ओरडतात, "रेस देऊ नको रे, हळू!" आणि लगेच, "लीद टाकली! टाकली लीद!" अण्णा हे ऐकून इंजिनापेक्षा जास्त खूश.

शेठ आता खुर्चीतून उठून रस्त्याच्या कडेला आलेत. त्यांना तीनशे हवेत. अण्णा काही न बोलता देतात. वाद घालायला वेळ नाही आणि त्यांच्या मते मिस्त्री जेवण सोडून नसला तरी जेवण करून आला होता.

ट्रॅक्टरवाल्यापुढेही नोटा धरल्या जातात. तो त्या बाजूला सारतो. केबलच्या तुकड्याचे पैसेही घेत नाही. "सोनगीरले थांबशात तं गाडी बंद करू नका. धुयाले नवी पट्टी टाका, आनि वर रबर लावा," एवढं सांगतो. मग फळीजवळ येऊन घोडीकडे वर बघत उभा राहतो. त्याचा खरा प्रश्न आत्तापर्यंत दबून होता.

"कितलाले लिधी?"

अण्णा इकडेतिकडे बघतात. शेठ अजून तिथेच आहेत. अण्णा खांद्यावरचा टॉवेल काढून ट्रॅक्टरवाल्याच्या हातावर टाकतात आणि बाजारात करतात तसं टॉवेलखाली त्याची बोटं दाबतात. आधी काही बोटं, मग थांबून आणखी काही.

ट्रॅक्टरवाला हात झटकून मागे सरकतो. "एवढामा तं नवा ट्रॅक्टर ई जाई!" तो एवढ्या मोठ्याने ओरडतो की टॉवेलचा काही उपयोग राहत नाही. अण्णा खो-खो हसत केबिनमध्ये चढतात आणि ड्रायव्हर हॉर्न दाबूनच गाडी रस्त्याला घेतो.