अलगूज : सोपे वाद्य आणि हवेचा स्वभाव

जबलपूरजवळ भेडाघाटला कार्तिकी पौर्णिमेची जत्रा भरते. अशा जत्रांतून काठीला खोवलेला बासऱ्यांचा झुबका खांद्यावर घेऊन हिंडणारा विक्रेता हटकून भेटतो. त्याच्याजवळच्या बासऱ्या दोन जातींच्या असतात. एक आडवी धरून, ओठ नेमके वळवून फुंकावयाची. दुसरी उभी, तोंडाशी चोचीसारखी तासलेली. मुले बहुधा दुसरीच घेतात, कारण पहिलीतून नवशिक्याच्या पदरी नुसता वारा पडतो. या चोचीच्या बासरीला मराठीत अलगूज म्हणतात. हिंदी मुलखातील अलगोजा हा तिचाच भाऊबंद. मात्र त्यात दोन नळ्या एकदम तोंडात धरून वाजवतात.

अलगुजाचे सारे रहस्य त्याच्या तोंडाशी आहे. नळीच्या मुखात लाकडाची गुडदी, म्हणजे बूच, बसविलेली असते व तिच्या एका बाजूस अरुंद फट सोडलेली असते. फटीतून आलेला श्वास पातळ पट्टीसारखा पुढे सरकतो आणि नळीला पाडलेल्या खिडकीच्या धारेवर आदळतो. तेथे तो स्थिर राहू शकत नाही. क्षणात नळीच्या आत, क्षणात बाहेर, असा हेलकावत राहतो. या हेलकाव्यांना ताल लावून देतो तो नळीतील हवेचा स्तंभ. स्तंभ लांब असेल तर कंपने सावकाश होतात व स्वर खर्जाचा येतो. बोट उचलून भोक उघडले की स्तंभ जणू तेथेच तुटतो आणि स्वर चढतो. आडव्या बासरीत श्वास धारेवर नेण्याचे काम ओठांना करावे लागते. अलगुजात ते गुडदी करते, म्हणून पहिल्याच फुंकरीला स्वर उमटतो.

आयर्लंडमध्ये हेच वाद्य पत्र्याचे असते. 1843 मध्ये इंग्लंडातील सफोक परगण्यातील रॉबर्ट क्लार्क याने कथिलाचा मुलामा दिलेला पत्रा वळून, त्यात लाकडाची गुडदी ठोकून अशा शिट्ट्या तयार केल्या. त्या इतक्या स्वस्त पडल्या की आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत त्या घरोघर पोहोचल्या आणि तेथील नाचाच्या चाली त्यांच्यावर वाजू लागल्या. सुमारे 30 सेंटिमीटर लांबीची ही शिट्टी सर्व भोके बंद असता सेकंदाला सुमारे 587 कंपने देते. भोके सहा, आपल्या बासरीइतकीच. फरक आहे तो स्वरांच्या नावांत. आयरिश वादक सर्व भोके बंद केल्यावर येणारा स्वर बहुधा सप्तकाचा आरंभ मानतो. आपल्याकडे वरची तीन भोके बंद करून षड्ज धरतात. त्यामुळे सर्वांत खालचा स्वर पंचम होतो आणि सर्व भोके उघडली की तीव्र मध्यम लागतो. शुद्ध मध्यमासाठी अर्धे भोक झाकावे लागते व तेथेच शिकणाऱ्याची पहिली परीक्षा होते.

बांबूविषयी एक गोष्ट गमतीची आहे. जबलपूरच्या आसपासच्या जंगलांत बांबू मुबलक. पण तो मुख्यतः मानवेल जातीचा, जाड सालीचा, कोरड्या जमिनीत तर जवळजवळ भरीव. त्याच्या लाठ्या नामांकित होतात. बासरीला मात्र पातळ सालीचा व लांब पेरांचा बांबू लागतो आणि तो आसामकडून येतो.

आता या सोपेपणाची किंमत. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो : 10 अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे 337 मीटर, 40 अंशांना सुमारे 355 मीटर. जबलपुरात जानेवारीची पहाट आणि मे महिन्यातील दुपार यांत एवढे अंतर सहज पडते. नळी तीच, भोके तीच, तरी वेग सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो व स्वरही तितकाच चढतो. अर्धा स्वर म्हणजे सुमारे सहा टक्के. तेव्हा हा फरक कानाआड करण्याजोगा नव्हे. वादकाच्या उबदार श्वासाने तो काहीसा कमी होतो, पण नाहीसा होत नाही. पेटीच्या धातूच्या पट्ट्या मात्र जवळजवळ जागच्या जागी राहतात. म्हणून हिवाळ्यातील सकाळच्या प्रार्थनेला पेटीबरोबर अलगूज वाजविणारा विद्यार्थी उतरलेला वाटतो आणि एप्रिलअखेरीस तोच चढलेला. कित्येकदा त्याला कान नाही असे ठरविले जाते; दोष वास्तविक हवेचा असतो.

आडव्या बासरीचा वादक नळी ओठांशी किंचित फिरवून हा फरक सावरून घेतो. अलगूज वाजविणाऱ्याजवळ ही सोय नाही, कारण गुडदीने श्वासाची वाट कायमची आखून टाकलेली असते. जोराने फुंकले तर स्वर थोडा चढतो, पण मर्यादेपलीकडे तो एकदम वरच्या सप्तकात उडी घेतो. काही आधुनिक आयरिश शिट्ट्यांत तोंडाचा भाग नळीवर मागेपुढे सरकविता येतो, त्यामुळे लांबी बदलून स्वर जुळविता येतो. बांबूच्या एकसंध नळीत ते शक्य नसते. तेव्हा थंडीच्या दिवसांत वाजविण्यापूर्वी नळी काही वेळ मुठीत धरावी, खिडकी बोटाने झाकून तिच्यातून दोनचार संथ उच्छ्वास सोडावेत आणि मग पेटीशी स्वर मिळवून पाहावा.