पूडलचा कंगवा

कुंडल म्हटलं की प्रतिसरकार, कुस्तीचं मैदान आणि साखर कारखाना. इथं दारातला कुत्रा राखणीचा. गावठी, नाहीतर कारवान. अशा गावात एका घराच्या सोप्यात कुरळ्या केसांचं पूडल दिसलं की नजर थांबतेच. धाकट्या मुलाच्या हट्टापायी ते आणलेलं. त्याला कुत्र्याजवळ गेलं की शिंकांवर शिंका यायच्या, आणि विकणाऱ्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, या जातीची अ‍ॅलर्जी होत नाही.

हे खरं नाही. त्रास केसांचा नसतो. कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि मूत्रात काही प्रथिनं असतात. ‘कॅन एफ 1’ हे त्यांतलं प्रमुख. केस ती फक्त वाहून नेतात. अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या संशोधकांनी एकच कुत्रा असलेल्या 173 घरांतली धूळ तपासली. 2011 साली निष्कर्ष आला: ‘अ‍ॅलर्जीमुक्त’ म्हणवणाऱ्या जातींच्या घरात हे प्रथिन कमी नव्हतं. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या अभ्यासात तर अशा जातींच्या केसांत ते जास्तच निघालं.

तरीही या घरातल्या शिंका कमी झाल्या. कशानं?

उत्तर रोज संध्याकाळी सोप्यात दिसतं. मुलाची आई पोतं अंथरते, कुत्र्याला पुढ्यात घेते आणि स्टीलचा कंगवा कानामागून घालते. पूडलचा गळालेला केस खाली पडत नाही, आतच गुंततो. दोन दिवस हयगय झाली की काखेत, कानामागं जट धरते आणि खालची कातडी लाल होते. आई जट बोटांनी सोडवते, ओढत नाही. अंगाला ओल्या केसांचा उबट वास येत असतो, कारण आठवड्यातून दोनदा आंघोळ. धुतल्यावर प्रथिन घटतं, पण थोड्याच दिवसांत पुन्हा वाढतं, म्हणून दोनदा. महिना-दीड महिन्यानं केस कातरायचे, फरशी ओल्या फडक्यानं पुसायची, मुलाच्या अंथरुणाकडं कुत्र्याला फिरकू द्यायचं नाही. नाव पूडलचं होतं. राबतात या बाईचे हात.

जातीच्या नावावर विसंबता येत नाही, हे आधीही दिसलं होतं. ऑस्ट्रेलियात कुत्र्यांची पैदास करणाऱ्या वॉली कॉनरन यांनी हवाईतल्या एका अंध बाईसाठी लॅब्राडोर आणि पूडलचा संकर केला, कारण तिच्या नवऱ्याला अ‍ॅलर्जी होती. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ त्याच्याकडं पाठवली, तर एकच पिल्लू त्याला मानवलं. आई-बाप तेच, तरी तिघांत एक! त्या 173 घरांतल्या धुळीचंही सांगणं याहून वेगळं नाही.

तेव्हा जातीच्या नावाला पैसे मोजू नका. आधी डॉक्टरांकडून नेमक्या कशाची अ‍ॅलर्जी आहे याची चाचणी करून घ्या. ‘कॅन एफ 5’ हे प्रथिन फक्त नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं. तेवढ्याचाच त्रास असेल तर मादी चालू शकते. घ्यायचं ठरलेल्या त्याच कुत्र्याजवळ मुलाला वेगवेगळ्या दिवशी तासन्‌तास बसवून पाहा. आणि घरात दमा असेल, तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पिल्लू घरी आणू नका.