अकोला की अमरावती?

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि मूर्तिजापूरच्या कित्येक घरांत एकच प्रश्न उभा राहतो. पोरीला डॉक्टर व्हायचंय. अकरावीला पाठवायची कुठे? रेल्वेने एका बाजूला अकोला, दुसऱ्या बाजूला बडनेऱ्यावरून अमरावती. आजोबा म्हणतात, ‘अमरावतीच! विदर्भ महाविद्यालय 1923 पासूनचं.’ काका अकोल्याच्या तोष्णीवाल विज्ञान महाविद्यालयाचं नाव घेतात.

आजोबांचा आग्रह त्यांच्या काळाला धरून आहे. 1999 मध्ये राज्याची सीईटी येईपर्यंत बारावीच्या गुणांवरच मेडिकलचा प्रवेश ठरत असे. आता ठरवते ती ‘नीट’. तिच्या 720 गुणांपैकी 360 एकट्या जीवशास्त्राचे. कॉलेजच्या नावाला तिथे एकही गुण नाही.

मग पाहायचं काय? तास रोज होतात का, प्रयोगशाळेचं कुलूप उघडतं का, अडलं तर सर थांबतात का. नाव कॉलेजात आणि मुलगी दिवसभर शिकवणीत, असं तर होणार नाही ना? येण्याजाण्यात अभ्यासाचे किती तास जातील?

आणि जो प्रश्न घरात कुणी काढत नाही, तोही विचारावा. मेडिकल हुकलंच, तर त्याच आवारात ताठ मानेने बीएस्सी करता येईल का?

गाव निवडण्याआधी एकदा दोन्हीकडे जाऊन या. मात्र पोरीला सोबत न्या. दोन वर्षं तिथे तिला काढायची आहेत.