पूर्वपक्षासह छापलेले शास्त्र

शास्त्रीय नियतकालिकातील शोधनिबंध आपण वाचतो तेव्हा आपल्या हाती निकाल येतो, खटला येत नाही. निबंध संपादकाकडे गेल्यावर त्याच विषयातील दोन-तीन तज्ज्ञ तो तपासतात, शंका काढतात. लेखक खुलासे करतो, दुरुस्त्या करतो. आणि मग तो छापला जातो. या व्यवहारास समकक्ष-परीक्षण म्हणतात. परीक्षक कोण होते हे बहुधा लेखकालाही कळत नाही, आणि त्यांनी काय विचारले हे वाचकाला सहसा कळत नाही. शिवाय नियतकालिकाची भारी वर्गणी भरण्याची ग्रंथालयाची ऐपत नसेल, तर निकालही हाती येत नाही. म्हणजे वाचकाच्या वाटेत दोन पडदे असतात : एक पैशाचा आणि दुसरा गुप्ततेचा.

हे दोन्ही पडदे दूर सारण्याचा एक प्रयोग युरोपातील भूशास्त्रज्ञांनी केला. वातावरणाच्या रसायन-भौतिकीला वाहिलेले ‘ॲटमॉस्फेरिक केमिस्ट्री अँड फिजिक्स’ हे नियतकालिक 2001 साली याच पद्धतीने सुरू झाले. जलविज्ञानाचे ‘हायड्रॉलॉजी अँड अर्थ सिस्टिम सायन्सेस’ हे नियतकालिक 1997 पासून निघत होते. त्याने 2004 साली हा मार्ग पत्करला. आज दोन्ही नियतकालिके युरोपियन जिओसायन्सेस युनियनची आहेत आणि कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

पद्धत अशी. आलेला निबंध संपादक वरवर चाळतो आणि चर्चेस योग्य वाटल्यास परीक्षणापूर्वीच सर्वांसमोर ठेवतो. पुढील काही आठवडे परीक्षकांचे अभिप्राय त्याच निबंधाखाली प्रसिद्ध होतात. परीक्षकाला नाव द्यावयाचे नसेल तर तो अनामिक राहू शकतो. परंतु त्याचे म्हणणे अनामिकपणे गडप होत नाही. अन्य अभ्यासकही आपल्या नावानिशी मत मांडू शकतात. लेखकाची उत्तरेही तेथेच छापली जातात. नंतर निबंध सुधारला जातो आणि तो स्वीकारावयाचा की नाही हे संपादक ठरवितो. निबंध नाकारला गेला तरी मूळ मसुदा आणि त्यावरील चर्चा कायम राहते.

पाण्याच्या शास्त्राला या उघडेपणाची विशेष गरज आहे. नदीचे खोरे काही प्रयोगशाळेत आणून ठेवता येत नाही, आणि एकदा आलेला पूर तपासणीसाठी पुन्हा मागविता येत नाही. पाऊस पडतो शेकडो चौरस किलोमीटरांवर. तो मोजला जातो मोजक्या पर्जन्यमापकांत. उरलेले सारे अनुमान. अशा शास्त्रात निष्कर्षाइतकेच त्यामागील गृहीतकांना महत्त्व असते, आणि परीक्षकाचे बोट नेमके गृहीतकांवरच पडते. तो आक्षेपच दडला, तर अनुमान हे वस्तुस्थितीच्या थाटात मिरवू लागते. धरणे, पूररेषा आणि पाणीवाटप अशाच अनुमानांवर उभे असते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येईल.

एक उदाहरण पाहू. आनास्तासिया माकारिएवा आणि व्हिक्टर गोर्श्कोव या रशियन शास्त्रज्ञांनी 2007 साली वरील जलविज्ञानविषयक नियतकालिकात एक धाडसी कल्पना मांडली. अरण्ये बाष्प सोडतात. ते निवून त्याचे पाणी झाले की हवेतील वायूचे प्रमाण घटते, दाब उतरतो आणि समुद्रावरील ओली हवा भूमीकडे ओढली जाते. थोडक्यात, अरण्य हा पावसाचा पंप आहे. पुढे सहकाऱ्यांसह त्यांनी या कल्पनेचा भौतिक पाया विशद करणारा निबंध 2010 साली ‘ॲटमॉस्फेरिक केमिस्ट्री अँड फिजिक्स’मध्ये चर्चेसाठी ठेवला. वारे मुख्यतः तापमानातील फरकामुळे वाहतात, ही रूढ उपपत्ती. तिला धक्का बसताच कडाडून विरोध झाला. चर्चा दोन वर्षांहून अधिक काळ रेंगाळली. अखेर 2013 साली निबंध छापला गेला तो संपादकाच्या एका टिपणासह. परीक्षकांचा विरोध पाहता एरवी हा निबंध स्वीकारला गेला नसता. तो छापणे म्हणजे सिद्धान्ताला मान्यता देणे नव्हे. वाद पुढे चालावा आणि सिद्धान्ताचा एकदा काय तो निकाल लागावा म्हणून तो छापला आहे, असा त्या टिपणाचा आशय. सिद्धान्त आजही वादग्रस्त आहे. परंतु तो का वादग्रस्त आहे, हे कोणीही मुळातून वाचू शकतो.

ही रीत आपल्याला अगदीच परकी वाटू नये. आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडून मग त्याचे खंडन करण्याचा प्रघात होता. फरक एवढाच की तेथे पूर्वपक्षही बहुधा ग्रंथकारच मांडी, आणि आपल्याला पेलेल इतपतच तो बळकट करण्याचा मोह त्याला होऊ शके. येथे प्रतिपक्षी स्वतःच्या तोंडाने बोलतो.

अर्थात या पद्धतीत दोष नाहीत असे नाही. वाचकाची वर्गणी वाचली, तरी छपाईचा खर्च लेखकाकडून वा त्याच्या संस्थेकडून घेतला जातो; गरीब देशांतील संशोधकाला तो जड जातो. ज्येष्ठांवर उघड टीका करण्यास तरुण अभ्यासक कचरतो. आणि दार उघडे असले तरी आत येऊन बोलणारे थोडेच असतात.

आपल्या देशात केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी सुमारे 6,000 कोटी रुपये खर्चून सरकारी व्यवस्थापनाखालील शिक्षणसंस्थांना सुमारे 13,000 नियतकालिके वाचावयास मिळावीत, असा तिचा हेतू. ही सोय मोठीच आहे. पण वर्गणीने पहिला पडदा दूर होतो, आणि तोही वर्गणी भरली आहे तोवर. दुसरा पडदा पैशाने हटत नाही.

म्हणूनच भूगोलाच्या, तर्कशास्त्राच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने यांतील एखादा निबंध त्यावरील चर्चेसह अवश्य वाचावा. त्यातील गणित सुटले नाही तरी चालेल. आक्षेप कसा घ्यावा, त्याला उत्तर कसे द्यावे, आणि उत्तर नसेल तेथे लेखक काय करतो, हे तेथे स्वच्छ दिसते. आपल्या पाठ्यपुस्तकांत ते क्वचितच आढळते.