वचन कोणाचे, आधार कोणता?

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबर जवळ आले की बाबासाहेबांच्या नावाने मोबाइलवर असंख्य वचने येऊ लागतात. चित्र सुरेख असते, भाषा स्फूर्तिदायक असते. परंतु ते वाक्य त्यांनी कोठे, केव्हा व कोणापुढे उच्चारले, याचा उल्लेख बहुधा नसतो. इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्हांस तो उल्लेख वाक्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

इतिहासशास्त्रात साधनांची पारख दोन टप्प्यांत होते. साधन कोणी, केव्हा निर्माण केले व ते मूळचे आहे काय, हे बहिरंग परीक्षणात तपासतात. आतील मजकूर विश्वसनीय आहे काय, हे अंतरंग परीक्षणात. येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. त्या भाषणाच्या नावाने आलेल्या मजकुरात भारतीय संविधानातील कलमाचा दाखला असेल, तर तो मजकूर त्या दिवसाचा असूच शकत नाही. कारण संविधान स्वीकृत झाले ते २६ नोव्हेंबर १९४९ रोजी. एवढी तपासणी आठवीचा विद्यार्थीही करू शकतो.

वचन अस्सल असले तरी प्रवासात त्याचे रूप पालटते. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ ही घोषणा आपल्या सर्वांच्या ओठी आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजीतून दिलेल्या संदेशाचा क्रम मात्र ‘एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ’ असा आहे. तेथे संघटन शेवटी येते. मधला शब्द रस्त्यावरील संघर्ष सांगतो, की आधी मने चेतविण्यास सांगतो? मूळ शब्द पाहिल्यावाचून हा प्रश्न पडतच नाही.

केसपुत्त येथे तथागतांनी कालामांना केलेला उपदेश अंगुत्तर निकायात आहे. ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथ वा गुरूचा मान एवढ्यावर विसंबू नये, हा भाग सर्वत्र फिरतो. केवळ तर्कावरही विसंबू नये, आचरणाचे फळ हिताचे की अहिताचे हे स्वतः जाणावे आणि सुज्ञ जन त्याची निंदा करतात की प्रशंसा हेही पाहावे, हा भाग मात्र गळून जातो.

जे वचन आपल्याला प्रिय, त्याचीच तपासणी आपण टाळतो. परंतु आपले एक वचन बनावट ठरले, तर शंभर खऱ्या वचनांवर संशय घेण्यास विरोधकाला निमित्त मिळते. ज्यांचा आवाज इतरांच्या पत्रांत उमटत नव्हता, त्यांच्यासाठी बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. त्यांच्या मुखी न उच्चारलेला शब्द घालणे हा आदर नव्हे.

पडताळणीची साधने दुर्मीळ नाहीत. महाराष्ट्र शासन १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे व भाषणांचे खंड प्रसिद्ध करीत आले आहे. संविधान सभेतील चर्चाही छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. शाळेच्या फलकावर सुविचार लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने त्याखाली स्थळ, दिनांक, खंड व पृष्ठ लिहावे, अशी आमची सूचना आहे. आधार न सापडल्यास विचार खुशाल लिहावा. त्याखाली नाव मात्र घालू नये.