ज्वारीचा पराग पोटरीतच घडतो

रब्बी ज्वारीत दाणे कमी भरले की बहुतेक शेतकरी बंधू फुलोऱ्यातल्या हवामानाला दोष देतात. तेही एक कारण आहेच. पण पुष्कळदा काम त्याआधीच बिघडलेलं असतं, कणीस अजून पोटरीत असताना.

ज्वारीच्या फुलात तीन परागकोष असतात. फुलोऱ्याच्या आठवडा-दीड आठवडा आधी त्यांच्यात एकेका मातृपेशीपासून चार कण होतात. कॅलोज नावाच्या पदार्थाच्या वेष्टणात हे चौघे गुंडाळलेले असतात, शेंगेतल्या दाण्यांसारखे. तिथंच प्रत्येक कण आपल्या भिंतीचा आराखडा धरतो. मग परागकोषाचं आतलं अस्तर (शास्त्रात त्याला टॅपेटम म्हणतात) कॅलोज विरघळवतं, कण सुटे करतं आणि त्यांच्या बाहेरच्या भिंतीला माल पुरवतं. या मालाचं नाव स्पोरोपोलेनिन. तो एवढा चिवट, की तळ्याच्या गाळात परागकणांची टरफलं लाखो वर्षं टिकतात. आतली मऊ भिंत कण स्वतः बांधतो. भिंतीला एकच छिद्र असतं, परागनळी पुढं तिथूनच निघते. सगळं पोसून झालं की अस्तर स्वतःच विरून जातं. आईचंच काम म्हणा ना!

हे अस्तर नाजूक. ऐन त्या दिवसांत रात्री कडाक्याची थंडी पडली की ज्वारीचा पराग वांझ राहतो. पाण्याचा ताण बसला की तसंच होतं, हे गहू-भातात चांगलं दिसून आलंय. बीजोत्पादनात वांझ परागाचा फायदाच होतो. १९६४ साली आलेली सीएसएच-१, आपली पहिली संकरित ज्वारी, नरवंध्य मादी वाणावरच उभी राहिली. आपल्या मालदांडीत मात्र तो निव्वळ तोटा.

म्हणून रब्बीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या आत उरका. उशीर झाला की पोटरी नेमकी थंडीत सापडते. पोटरी साधारण ५०-५५ दिवसांनी येते. विहिरीत एकाच पाळीपुरतं पाणी असेल तर ते तेव्हाच द्या, असं मी तरी सांगेन. फुलोऱ्याची वाट बघत बसू नका.

कणीस निसवल्यावर सकाळी लवकर एक परागकोष बोटावर चुरगळून पाहा. भरदार, पिवळा असेल आणि बोटाला धूळ लागली तर पराग चांगला. फिकट आणि आखडलेला निघाला, तर नुकसान कधी झालं ते कळेल.